वहिनी, तुझ्या फुलदाण्यांचं पाणी

वहिनी, तुझी तेरवी आटोपली. अंगणातला मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, तुझा सचिन बायकोला घेऊन पुण्याला गेला, आणि ज्यांना रडायचं होतं ते सगळे रडून, जेवून आपापल्या गावी पोचले. आता घरात आई, दादा आणि येऊन-जाऊन मी. दोन गल्ल्या टाकून माझं घर, पण सकाळचा चहा माहेरी, हे तुला काय सांगायचं? इतकी वर्षं तूच तर तो चहा दिलास मला, आणि एकदाही साखर माझ्या मनासारखी घातली नाहीस.

आज तुझ्याशी बोलायला बसले ती एका भांडणापायी. बैठकीच्या खिडकीत तुझी ती उंच, साध्या काचेची फुलदाणी अजून तशीच आहे. तू गेलीस त्या दिवशी सकाळी तूच तिच्यात पाणी भरलंस, पळसाची फांदी लावलीस, आणि दुपारी... जाऊ दे, ते मी लिहिणार नाही. बाकीच्या फुलदाण्या शेजारच्या बायकांनी त्याच दिवशी रिकाम्या करून पालथ्या घातल्या. ही एक दादानं उचलू दिली नाही. पळसाची फुलं केव्हाच गळून पाण्यात बसली. त्यांच्या रंगानं पाणी आधी पिवळं झालं, मग चहासारखं, आणि आता त्याचं वर्णन करू नये असं. आतून काचेला बुळबुळीत थर आला आहे. बैठकीत पाय ठेवला की वास येतो. रंगीत काच असती तर निदान झाकलं तरी असतं. पण तुझी काच आरपार, तिच्यात काही लपत नाही.

दादा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसून असतो. शेतात जात नाही, जेवायला चार वेळा बोलवावं लागतं. कोणी खिडकीकडे गेलं की म्हणतो, "राहू द्या." बस, एवढंच. आता तूच सांग, रोज सकाळी पाणी बदललंच पाहिजे हा तुझा कायदा, आणि हे पाणी तुझ्या हातचं म्हणून बदलायचं नाही हा दादाचा कायदा. मी कोणाचं ऐकू?

तू उमरखेडहून सून होऊन आलीस तेव्हा आमच्या बैठकीत शोकेस होतं. त्यात प्लॅस्टिकचे गुलाब, एक मान हलवणारी बाहुली आणि पाहुण्यांसाठीच ठेवलेले कप. आम्हाला ते फार भारी वाटायचं. खऱ्या काचेच्या फुलदाण्या होत्या, पण माळ्यावर, खोक्यांत. आमच्याकडे आहेरात आलेली फुलदाणी कोणी उघडत नाही. खोका कानाशी धरून हलवायचा, आत काच आहे एवढं समजलं की वर ठेवून द्यायचा, आणि पुढच्या कोणाच्या लग्नात वरचा कागद बदलून देऊन टाकायचा. सगळा तालुका असंच करतो. आणि तू एका दुपारी, आई झोपली असताना, स्टुलावर चढून सगळे खोके खाली काढलेस!

मी पोचले तेव्हा तू चमकीच्या कागदांच्या ढिगात बसली होतीस. एका खोक्याचा कागद काढला तर खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि तिसऱ्या कागदावर आमच्याच बाबांचं नाव! बाबांनी कधीकाळी कोणाच्या तरी लग्नात दिलेली फुलदाणी तालुकाभर नांदून माहेरी परत आली होती. आपण दोघी हसून हसून आडव्या झालो. त्या आवाजानं आई उठली, दारात येऊन उभी राहिली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"माय वो! पुढच्या महिन्यात लग्नं हायेत. तिथी काय देऊ आता मी? तुयं डोस्कं देऊ काय?"

तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "आई, स्टीलचा डबा देऊ न आपण. लोकायच्या कामी तरी येईल."

नवी नवरी आणि हे बोलणं! मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. पण आईला ते पटलं, कारण डबा फुलदाणीपेक्षा स्वस्त होता.

मग तू निवड केलीस, ती पाहून मात्र माझंच डोकं फिरलं. नक्षीच्या, सोनेरी काठाच्या, निळ्या-गुलाबी सगळ्या परत माळ्यावर. ठेवल्यास त्या बिननक्षीच्या. एक उंच, एक गोल पोटाची, एक लांब मानेची, दोन-तीन अशाच ठेंगण्या. मी म्हटलं, "अवो बाई, सोन्याच्या काठाची सोडून हे काय घेऊन बसली? पाण्याच्या गिलासात आन ह्याच्यात फरक काय मंग?" तू म्हणालीस, "ताई, रंगीत काचेत आपण काय ठेवलं ते दिसतच नाही." "नाई दिसलं तं बरंच हाय. आपल्याजवळ ठेवाले हाय काय?" यावर तू उठलीस. परसात गेलीस. तिथे आईनं जून झाला म्हणून सोडून दिलेला मुळा फुलोऱ्यावर आला होता. त्याची एक काडी आणलीस, खालची पानं खुडलीस आणि त्या लांब मानेच्या फुलदाणीत उभी केलीस. पांढरी फुलं, कडेला जांभळट झाक. मुळ्याला फुलं येतात हे मला माहीत होतं, पण ती अशी असतात हे मी त्या दिवशी पाहिलं. जन्म मुळ्याच्या भाजीत गेला होता माझा.

त्या दिवसापासून तुझ्या खिडकीत काय आहे हे पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागला नाही. खरं सांगते. हिवाळ्यात जवस फुलली की तिच्या निळ्या फुलांची काडी असायची. दुपारी पाकळ्या गळून जायच्या, म्हणून मी आठच्या आत यायची. कोथिंबीर फुलली की ती. अंबाडीची लाल बोंडं. तुरीची शेंगांनी लगडलेली फांदी. फुलवाल्याकडून तू फूल विकत आणलेलं मला आठवत नाही. भाजीतला, बांधावरचा, कोणी फेकून दिलेला ऐवज तुझ्या काचेत जायचा आणि पाहुण्यासारखा मानानं उभा राहायचा.

आणि ते गोटे! लोकांच्या सुना माहेराहून कुरड्या-पापड आणतात. तू उमरखेडहून पिशवीभर गोटे आणलेस, पैनगंगेचे. एसटीचा कंडक्टर म्हणाला म्हणे, "बाई, बाँब हाय का काय?" वाळले तेव्हा ते नुसते मातकट दगड होते. आईनं ते पाहून "पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला" असं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग तू ते गोल फुलदाणीत टाकून वरून पाणी ओतलंस. कोणता हिरवा निघाला, कोणता जांभळा, एकात तर पांढऱ्या रेघा जानव्यासारख्या. त्यात तू वर फूलसुद्धा ठेवलं नाहीस. कुसुमकाकू शेजारून मीठ मागायला आल्या त्या मीठ विसरून तिथेच बसल्या.

दिवाळीतलं तर काय सांगू. उंच फुलदाणीत तू तळाशी तांदूळ घातलेस, वर मूग, वर तुरीची डाळ, वर मसूर, वर उडीद. पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं नेसल्यासारखी दिसत होती ती. सगळ्यात वर पणती. आई म्हणाली, "धान्य कोंडून ठेवते काय कोणी काचेत?" तू म्हणालीस, "डब्यात कोंडतोच न आपण, आई. इथं दिसते तरी." भाऊबीज झाल्यावर तू ते सगळं परातीत ओतलंस आणि त्याची खिचडी टाकलीस. अशी खिचडी पुन्हा कधी खाल्ली नाही मी. आईनं दोनदा घेतली आणि तिसऱ्यांदा पातेल्यात डोकावून पाहिलं.

आपलं घर हायवेजवळ. नागपूर-हैदराबादचे ट्रक रात्रंदिवस चालू. मोठा ट्रक गेला की खिडकीतल्या फुलदाण्या एकमेकींना टेकून किणकिण करायच्या. मी म्हणायची, फुटतील एक दिवस. तू त्यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "टेकून ठेवल्या तरच फुटतात, ताई." नंतर मी उगाच विचार करत बसायची की ही फुलदाण्यांबद्दल बोलली की मला टोमणा मारला. विचारायचं राहून गेलं. टोमणाच असेल. सासू-सुनेत, नणंद-भावजयीत तू ते दोन बोटांचं अंतर बरोब्बर ठेवलंस, म्हणून तर हे घर टिकलं.

माझ्या पल्लवीला पाहायला मुकुटबनचे पाहुणे आले तो दिवस आठवतो? माझ्या घरी रंगाचं काम निघालं होतं म्हणून कार्यक्रम तुझ्याकडे ठेवला. मी आदल्या दिवशी बजावलं, "वहिनी, लोकं मोठे हायेत. ढंगाचं काही ठेव." आणि सकाळी येऊन पाहते तर बैठकीच्या मधोमध टेबलावर पऱ्हाटी! अख्खी कपाशीची वाळलेली फांदी, फुटलेल्या बोंडांची. उंच काचेत तळाशी आपल्या शेतातली काळी माती, त्यात ती फांदी रोवलेली. मी तर हातातली पिशवीच खाली टाकली.

आई ओरडली, "पऱ्हाटी चुलीत घालतेत वो, बैठकीत नाई! पाव्हणे काय म्हणतीन?"

तेवढ्यात दारात गाडी थांबली. उचलायलाही वेळ राहिला नाही.

पाहुणे बसले. नमस्कार झाले, पाणी झालं, आणि मग ती जीवघेणी शांतता पडली, जी अशा वेळी पडते. सगळे पंख्याकडे पाहत होते. आणि मुलाच्या वडिलांचा हात आपोआप पुढे गेला. आपल्या भागात कापूस समोर असेल आणि माणूस हात लावणार नाही, हे होऊच शकत नाही. त्यांनी एका बोंडातला पुंजका उपटला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "धागा लंबा हाय." झालं! मुलाच्या काकांनी दुसरं बोंड घेतलं. आजोबांनी तिसरं. "बियाणं कोनतं?" "पानी किती देल्लं?" दादा, जो बायकोच्या माहेरी तीन शब्दांवर चौथा बोलत नसे, तो खुर्ची पुढे ओढून सांगत सुटला. पल्लवी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. मुलगा तेवढा पाहत होता.

मी स्वयंपाकघरात धावत आले. "पोरीले पाहाले आले का कापूस पाहाले?" तू पदराचा बोळा तोंडात कोंबून ओट्याला धरून हसत होतीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी. मला तुला लाटण्यानं मारावंसं वाटत होतं.

उठायची वेळ झाली तेव्हा फांदीवर एक बोंड शिल्लक नव्हतं. सतरंजीवर सरक्या, पाहुण्यांच्या सफारीवर कापसाचे तंतू. दारात आजोबा थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले." मग जरा थांबून, "कापूस बी."

नंतर तू मला शांतपणे सांगितलंस. "ताई, पाहुण्याच्या हाताले काही काम पाहिजे. हात रिकामे असले की माणूस दोष पाहात बसते." म्हणजे तू हे सगळं ठरवून केलं होतंस! शोभेची वस्तू म्हणजे नुसती पाहायची, एवढंच मला ठाऊक. तू ती माणसांना बोलतं करायला ठेवायचीस. पल्लवी आज सुखात आहे, तिचा सासरा अजून दादाला बियाणं विचारायला फोन करतो. हे श्रेय तुझं. तेव्हा मी तुला नुसती "आगाऊ" म्हणाले होते. आज म्हणते, हुशार होतीस. फार हुशार होतीस, वहिनी.

पण म्हणून मी सगळंच मान्य केलं असं समजू नकोस. एका फुलदाणीत एकच काडी, हे मला कधीच पटलं नाही. दळभद्री वाटतं. फुलदाणी कशी गच्च भरलेली पाहिजे, लग्नाच्या ओटीसारखी. तू म्हणायचीस, "गर्दी केली की एकाचंही तोंड दिसत नाही." मी म्हणायची, "एकटं ठेवलं तं त्याले करमत नाई." हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी नागपूरहून तुझ्यासाठी मुद्दाम प्लॅस्टिकची लिली आणली, एकदम खऱ्यासारखी, महागाची. तू घेतलीस, कौतुक केलंस, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर ती पूर्ण पाण्यात बुडवलेली! काठोकाठ पाणी, आत ती लिली, काचेतून दुप्पट मोठी दिसत होती. "आता कशी छान दिसते न, ताई? धूळ बी बसत नाही." मला राग यावा की हसू, समजेना. दिसत मात्र होती छान. सचिनचे मित्र तिचे फोटो काढून घेऊन गेले.

एकदा मी तुला विचारलं होतं, "रोज सकाळी अर्धा तास हे पाणी बदलणं, काड्या कापणं, पुसणं. काय भेटते तुले ह्याच्यातून?" तू विचार केलास. तुझी ती सवय, उगाच विचारलेल्या प्रश्नाचाही विचार करायची. मग म्हणालीस, "काहीच भेटत नाही, ताई. घरात एवढं एकच काम हाय ज्याच्यातून काही भेटत नाही. म्हणून करते." मी तेव्हा "येडी" म्हटलं आणि चहा पिऊन गेले. आता रोज आठवतं.

आणि दादाबद्दल बोलायचंच राहिलं. गावात लोक म्हणतात, रेखाबाईला फुलांचा नाद होता. नाद तुझा, पण आणणारा कोण? संध्याकाळी शेतातून परतताना गाडीच्या डिक्कीत ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचंच. कधी काटेरी, कधी चिखलासकट, कधी मुळासकट. पारावरचे लोक चिडवायचे, "दिलीपभाऊ, बायकोसाठी काय नेता?" तर हा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "सरपण." घरी येऊन तुझ्या हातात द्यायचा आणि न बोलता पेपर घेऊन बसायचा. कधी "छान" म्हटलं नाही, कधी विचारलं नाही. तुला वाईट वाटत असेल असं मला वाटायचं. एकदा मी त्याच्यासमोरच म्हटलं, "दादा, दोन शब्द बोलत जाय." तर तूच मध्ये पडलीस, "राहू द्या, ताई. आणते न तो."

तो शेवटचा पळसही त्यानंच आणला. टिपेश्वरच्या जंगलाकडे सगळं लालभडक झालं आहे या दिवसांत.

इथवर लिहिलं त्याला चार दिवस झाले. काल मात्र माझा तोल गेला. सकाळी येऊन पाहते तर त्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. मी म्हटलं, "दादा, घरात म्हातारं माणूस हाय. डास होऊन राह्यले, वास येऊन राह्यला. वहिनीले हे असं चाललं असतं काय? मी फेकते हे पाणी."

मी हात पुढे केला. त्यानं माझा हात धरला. जोरात नाही, पण धरला.

"शोभे, ह्या घरात तिनं भरलेलं एवढंच पाणी राह्यलं," तो म्हणाला. "माठातलं त्याच दिवशी संपलं. फ्रिजातल्या बाटल्या तिनंच भरल्या होत्या, त्या पाव्हण्यायनं पिऊन टाकल्या. मी कोनाले नाही म्हनलं नाही. आता हे एक हाय. हे फेकलं तं मंग काय राह्यलं?"

वहिनी, मी हात मागे घेतला. तशीच घरी गेले आणि भांडी घासताना मोठ्यानं रडले. तुझ्या तेरवीला रडले नव्हते इतकी रडले. आमच्या यांनी टीव्ही बंद केला आणि गुपचूप चहा करून आणून ठेवला.

आज सकाळी आले तर बैठकीत आई उभी. तू गेल्यापासून ती खाटेवरून उठली नव्हती, हे तुला माहीत नाही. काठी टेकत, भिंत धरत ती एकटी खिडकीपर्यंत गेली होती आणि दोन्ही हातांनी फुलदाणी धरून उभी होती.

"दिलीप, ऊठ. एकटीच्यानं उचलत नाई हे मले."

"आई, राहू दे न."

"ऊठ म्हनलं न!"

ती पडेल म्हणून तो उठला. त्यानंही फुलदाणी धरली. दोघं मायलेक ते घाण पाणी मध्ये धरून समोरासमोर उभे. पाणी हिंदकळत होतं, आणि मी दारात चप्पल हातात घेऊन तशीच.

"रडाचं हाय तं रड," आई म्हणाली. "मी बी रडते. पन हे तिचं पानी नाई रे आता. तिचं पानी असं नव्हतं कधी. निरानाम सोच्छ राहे, तळ दिसे असं."

दादानं मान खाली घालून पाण्यात पाहिलं. मग त्यानं फुलदाणी आईच्या हातांतून काढून घेतली आणि अंगणात नेली. पेरूच्या बुडाशी बसला आणि हळूहळू, अगदी हळू, ओतली. मी धुवायला घ्यावी म्हणून पुढे झाले तर देईना. "मूठभर तांदूळ आण," म्हणाला, "निंबू आण, मीठ आण." मी आणलं. त्यानं ते आत टाकलं, थोडं पाणी घातलं, तोंडावर तळहात दाबून फुलदाणी गोल गोल फिरवली. ओतलं. पुन्हा केलं. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसली, आधी आतून, मग बाहेरून, मग बूड. काच अशी निघाली की हातात आहे की नाही कळू नये. मी तोंडात बोट घालून पाहत होते.

"तुले कसं माहीत हे?"

"रोज पाह्यत होतो न," तो म्हणाला.

आम्ही समजत होतो की तो पेपर वाचतो. वहिनी, तुला ठाऊक होतं का गं हे? मला वाटतं, ठाऊक होतं.

त्यानं माठातलं ताजं पाणी भरलं आणि फुलदाणी खिडकीत ठेवली. आत काही नाही, नुसतं पाणी. पलीकडून जाणारा ट्रक त्या पाण्यातून उलटा जाताना दिसला. दादा तिथेच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग माझ्याकडे न वळताच त्यानं विचारलं, "शोभे, भरलं तं खरं. पन आता आणू कोनासाठी?"

आईला मी मघाशीच खाटेवर टेकवलं होतं. तिथूनच ती बोलली. तीच आई, जिनं आयुष्यभर तुझ्या ह्या सगळ्याला "चोचले" म्हटलं.

"मले आण."

दादा वळला.

"मले आण म्हनलं. मी हाय न बसली अजून. आन मोठं फूल आण, डोये अधू झाले माये. बारकं दिसत नाई मले."

दादानं नळाखाली तोंड धुतलं, गाडी काढली, पोतं ओलं करून डिक्कीत टाकलं आणि शेतात गेला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. त्याला जाऊन बराच वेळ झाला. मी ओट्यावर बसून तुला हे लिहिते आहे. आई दाराशी खुर्ची टाकून बसली आहे. ऊन आलं, आत ये म्हटलं तर ऐकत नाही. जेवून घे म्हटलं तर म्हणते, दिलीप येऊ दे.